उजव्या दाराची पट्टी

भिंगमामाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि जुनी अमेरिकन गाडी दिसली की मग तर विचारूच नका. तसल्या गाड्यांच्या प्रदर्शनात तो परीक्षक असे. कुठली क्रोमची पट्टी कारखान्यातली, कुठली अक्षरं नंतर चिकटवलेली, हे तो भिंगातून बघून सांगे. कुणी विचारलं नाही तरी सांगे. भाचीचं आधीचं स्थळ त्यानंच घालवलं होतं. मुलाच्या काकांची लाडकी गाडी बघून हा म्हणाला, "बंपर दुसऱ्या गाडीचा, डिकीचं झाकण तिसऱ्या गाडीचं, आणि ही अक्षरं तर कुणीतरी घरीच ओतलीत!" काका जे तडक निघून गेले ते गेलेच.

म्हणून या वेळी ताईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, निघतानाच दम भरला. "पोरीला हा मुलगा मनापासून आवडलाय. त्यांच्याकडेही तसलीच गाडी आहे म्हणे. एक अक्षर जरी बोललास ना, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

"नाही बोलत, बाई," मामा म्हणाला. भाची नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचंच त्याला जास्त लागलं.

मुलाच्या घरी सगळं झकास चाललं होतं. मुलाचे वडील मोकळेढाकळे, हसरे गृहस्थ. मुलगा आणि भाची एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत होते आणि त्यामुळे सगळ्यांना सगळं कळत होतं. चहा झाल्यावर वडील उठले. "चला, आता आमची म्हातारी दाखवतो!"

अंगणात गाडी उभी होती, फिकट हिरवी, चार दारांची, अंगणाला पुरून उरणारी. शेजारी मेकॅनिक हत्यारांची पेटी उघडून बसलेला. मामाची नजर पुढच्या दिव्यापासून निघाली, रुंद, रेघारेघांच्या क्रोम पट्टीवरून मागे गेली आणि उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी अडखळली. सगळ्या गाडीला रुंद पट्टी, आणि या एकाच दाराला अरुंद, साधी, खालच्या मॉडेलची! मामानं ओठ गच्च मिटून घेतले. ताईनं तरीही डोळे वटारलेच.

"दिसलं ना?" वडील म्हणाले. "दिसायचंच. माझ्या वडिलांनी ही कोरी घेतली, सगळ्यात वरचं मॉडेल म्हणून. लोक म्हणाले, फसलात. ठोकलेली गाडी दार बदलून तुमच्या गळ्यात मारली. 'आली तशीच आहे' म्हणत जन्मभर ऐकून घेतलं हो त्यांनी. आता मी खरी रुंद पट्टी मिळवलीय. आज तुम्ही आलात, तुमच्यादेखतच हा डाग काढून टाकू."

मेकॅनिकनं दार उघडलं, अरुंद पट्टी अलगद काढली आणि नव्या भोकांसाठी खुणा करू लागला. मामाला उघड्या दाराच्या बिजागऱ्या दिसल्या. मग पट्टीखालची भोकं दिसली. बोलावं तर पोरीचं लग्न मोडतंय, गप्प बसावं तर हा गृहस्थ आपल्या हातानं अनर्थ करतोय. ड्रिल घरघरलं.

"थांबा!" मामा ओरडला.

ताईनं कपाळावर हात मारला. वडिलांचं हसू मावळलं. "का? आमच्या पट्टीत काही खोट आहे?"

भाचीकडे बघायची मामाची हिंमत झाली नाही. पण आता तोंड उघडलंच होतं. त्यानं खिशातलं भिंग काढलं. "हे दार बदललेलं नाही हो! बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात दारं बसवून मग रंग मारत. रंग सगळ्या बोल्टांवर सलग आहे. एकदा जरी पाना लागला असता तरी कोपरे सोलले असते. आणि ही भोकं ड्रिलची नाहीत, साच्यात पाडलेली आहेत. कडा आत वळल्यात, कडांवरही तोच पहिला रंग. रुंद पट्टीची भोकं या पत्र्याला कधी नव्हतीच. दार लावणाऱ्यानं हाताशी आलं ते खालच्या मॉडेलचं दार लावलं आणि गाडी तशीच बाहेर पडली. कारखाना चुकला! तुमच्या वडिलांना कुणी फसवलं नाही."

वडिलांनी मामाच्या हातातलं भिंग घेतलं, दाराशी उकिडवे बसले आणि एकेक भोक, एकेक बोल्ट बघत राहिले. बराच वेळ उठेनात, तेव्हा मुलगा जवळ गेला.

"अरे, बाबा खरं सांगत होते," वडील त्याला म्हणाले. "आणि मीसुद्धा हसलो रे त्यांना. लोकांनी बघू नये म्हणून ते ही बाजू कायम भिंतीकडे करून गाडी लावायचे." ते रडत होते, आणि मध्येच हसतही होते. मग ताडकन उठून त्यांनी मामाला अशी मिठी मारली की मामाचा चष्माच वाकला.

"बसवा हो ती पट्टी परत! तीच, जुनी!" त्यांनी मेकॅनिकला फर्मावलं. पट्टी बसली. वडिलांनी स्वतः ते दार उघडून धरलं. "ये पोरी. बाबा हे दार कुणाला दाखवत नव्हते. आमची सून इथूनच चढणार."

"चढते," भाची म्हणाली, "पण मामाला पुढं बसवा. मागे बसला तर सीटची शिवण उसवून बघेल."

ताईनं डोळे पुसता पुसता भावाच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. गाडी निघाली. गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर वडील गाडी थांबवत होते, उजवी बाजू घराकडे करून हॉर्न वाजवत होते आणि खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "बाहेर या, बाहेर या! माझ्या बाबांनी घेतलेली गाडी बघा!"