तक्रार मिळाली

जुना मेल सर्व्हर म्हणतात तो मीच, मित्रांनो. ऑक्सिजन मशीन दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्याच्या मागच्या खोलीत, सुट्या भागांच्या कपाटाला टेकून मी बसतो. कारखाना दोघी बहिणींचा. थोरली बोलते, धाकटी मोजते.

मला जोडले तेव्हा आधी एक डोमेन दिले, म्हणजे कारखान्याचे इंटरनेटवरचे नाव. ई-मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे असते तेच. त्या चिन्हाआधी खात्याचे नाव येते: तक्रार, खरेदी, थोरली, धाकटी. एकेक खाते म्हणजे माझ्या पोटातला एकेक कप्पा. बाहेरच्या सर्व्हरला आमच्याकडे पत्र पाठवायचे असले की तो आधी डीएनएसला, म्हणजे पत्त्यांच्या सार्वजनिक यादीला विचारतो, "या नावाचे टपाल कोण घेते?" यादी माझ्याकडे बोट दाखवायची.

कारखान्याची वेबसाइटही माझ्यातच राहते. तिथे कोणी तक्रारीचा फॉर्म भरला, की ते पत्र मी कप्प्यात ठेवायचो आणि लगेच उत्तर धाडायचो: "तक्रार मिळाली. आमचा माणूस निघतो आहे." वाक्य थोरलीचे. ते वाचून लोकांचा जीव भांड्यात पडे.

पुढे जाहिरातींचा कचरा वाढला, माझी डिस्क कुरकुरू लागली आणि कौतुकाची जागा कपाळावरच्या आठ्यांनी घेतली. टपाल भाड्याच्या नव्या सर्व्हरकडे द्यायचे, वेबसाइट तेवढी माझ्याकडे ठेवायची, असे ठरले. त्यासाठी दोघींचा मावसभाऊ आला. त्याला सगळे ‘झालंच’ म्हणत, कारण कुठलेही काम विचारा, त्याचे उत्तर तेच. त्याने डीएनएसमधली नोंद बदलली, नव्या सर्व्हरवर तीच खाती उघडली, स्वतःच्या फोनवरून एक ई-मेल पाठवला. तो नव्या खात्यात पोहोचला. झालंच चहा पिऊन निघून गेला.

माझ्या आतल्या यादीत मात्र ते डोमेन तसेच राहिले. बाहेरची पत्रे डीएनएसला विचारून नव्या घरी जात. फॉर्ममधले पत्र माझ्या आतच जन्मते. मी पत्ता पाहतो. डोमेन आपलेच, कप्पाही आहे, मग बाहेर विचारायचे कशाला? माझी घडणच तशी आहे. पत्र जुन्या कप्प्यात पडे, आणि तो कप्पा आता कोणी उघडत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी एका सुताराने फॉर्म भरला. मला ऐकू येत नाही, म्हणून फोन न करता लिहितो, असे त्याने कळवले होते. वडिलांच्या मशीनचा लाल दिवा विझत नव्हता. त्यांना सिलिंडरवर ठेवले होते, आणि तो संध्याकाळपर्यंतच पुरणार होता.

माझे उत्तर गेले. आमचा माणूस निघतो आहे.

कोणीही निघाले नव्हते. उत्तर गेले नसते, तर त्याने दुसरीकडे धावाधाव तरी केली असती. त्याने फॉर्ममधूनच पुन्हा विचारले, माणूस कुठवर आला? तेच उत्तर. मग लिहिले, "सिलिंडरचा काटा खाली आलाय. शेजाऱ्यांना बोलावू, की तुम्ही पोचतच आहात?" पुन्हा तेच. शब्द माझ्यापाशी होते, ओरडायला तोंड नव्हते.

त्याच खोलीत थोरली खुशीत होती. आज एकही तक्रार नाही, नव्या सर्व्हरचा पायगुण चांगला, असे तिचे म्हणणे.

"मशीनं काय सर्व्हर बघून बिघडतात, ताई?" धाकटी म्हणाली. "रोज चार-पाच तरी येतात. आज शून्य कसं?"

"तुला मेलीला सुख दुखतं."

धाकटीने झालंचला फोन लावला. सगळे तपासले आहे, असे तो म्हणू लागला. "तू तुझ्या फोनवरून तपासलंस," ती म्हणाली. "गिऱ्हाईक फॉर्म भरतं."

तिने स्वतःच फॉर्म भरला. माझे उत्तर क्षणात तिच्या फोनवर. नवे तक्रार खाते उघडले, तर आत फक्त झालंचचा कालचा ई-मेल.

"ताई, हा म्हणतोय तक्रार मिळाली. कोणाला मिळाली?"

तिने माझा जुना कप्पा उघडला आणि सुताराची पत्रे मोठ्याने वाचू लागली. शेवटचे संपायच्या आत थोरलीने जादा मशीन उचलले होते. "पत्ता सांग," एवढेच म्हणून ती निघाली. धाकटीने सुताराला स्वतः लिहिले की ताई आत्ता निघाली आहे, शेजाऱ्यांना बोलवाच, दार उघडे ठेवा. मग ती फोन हातात धरून माझ्यासमोर बसली. माझ्या पंख्याचा आवाज त्या खोलीत एवढा मोठा कधीच वाटला नव्हता.

फोन वाजला. मशीन लागले होते, म्हाताऱ्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चढत होता. सुतार काही रागावला नाही, थोरली सांगत होती. त्याने फक्त आपला फोन तिच्यापुढे धरला. एकाखाली एक तेच वाक्य. "मला मान वर करवेना गं," ती म्हणाली.

झालंच आला आणि त्याने माझ्या यादीतून ते डोमेन खोडले. आता फॉर्मचे पत्र हाती आले की मीही परक्यासारखा डीएनएसला विचारतो आणि ते नव्या सर्व्हरकडे पोहोचवतो. थोरलीने आपले वाक्यही बदलले: "तुमचे पत्र अजून कोणी वाचलेले नाही. वाचले की वाचणारी व्यक्ती स्वतः लिहील. घाई असेल तर तोवर दुसरीकडेही मदत मागा."

मित्रांनो, टपालाचे घर बदलाल तेव्हा जुन्या घरातले नाव आठवणीने खोडा, आणि लोक जिथून हाक मारतात तिथूनच एकदा स्वतः हाक मारून पाहा. आम्ही यंत्रे ‘मिळाली’ म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच, की ठेवून दिली. वाचायला कोणीतरी बसलेले असू द्या.