पाणी कोणी विचारलं नाही

भोजराज सरांनी हर्षाला कमजोरी शिकवली.

तुमसरात त्यांचा क्लास आहे. मुलाखतीला जाणारी पोरं त्यांच्याकडे येतात आणि खोटं कसं बोलायचं ते शिकून जातात. सर त्याला 'पर्सनॅलिटी' म्हणतात.

"पाह्य बेटा, कमजोरी विचारतातच. तिथं खरी सांगायची नसते. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे वा, हा तर गुण आहे. बोल, तुझी कमजोरी काय?"

"एखादं काम हातात घेतलं की ते पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, सर."

"आणि त्यावर उपाय?"

"मी आता इतरांची मदत घ्यायला शिकते आहे."

"शाबास! हे ऐकून तर त्यांचा डीनही रडेल," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

हर्षाही हसली. तिची खरी कमजोरी सरांना माहीत नव्हती. तिच्या गावात, नाकाडोंगरीत, घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती. ती तिच्या रक्तात होती. सिकलसेल. अर्धा दोष आईकडून आलेला, अर्धा बापाकडून. ज्यांच्यात अर्धा असतो ते धडधाकट फिरतात. ज्याच्यात दोन्ही अर्धे येऊन मिळतात त्याचे हाल होतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस भिंतीवर डोकं आपटतो. हर्षा शाळेत असल्यापासून आपटत आली. गावात सांगितलं होतं की पोरीला वात आहे.

हे सांगणारी तिची आई, पार्वताबाई. तुम्ही म्हणाल, अडाणी बाई. अडाणी नव्हती. तिनं पाहिलं होतं. शेजारच्या गावात एका घरी पोराला सिकलसेल निघाला, तर त्याच्या चुलत बहिणीचं साक्षगंध मोडलं. पोरीच्या रक्तात काही नव्हतं, तपासणीचा कागद दाखवला होता तिच्या बापानं. सोयऱ्यांनी कागद पाहिला, चहा प्यायले आणि उठून गेले.

म्हणून आरोग्य केंद्रातले डॉक्टर जेव्हा म्हणाले, "ताई, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून घ्या, या आजाराला मिळू शकतं, मेडिकलला वेगळ्या कोट्यातून जागा लागेल," तेव्हा पार्वताबाई म्हणाली, "गावात दवंडी पिटू का मंग? सर्टिफिकेट नाही पाह्यजे. पोट्टी हुशार आहे माही."

हुशार होतीच. नीटमध्ये चांगले मार्क पडले. पण सरकारी जागा थोडक्यासाठी हुकली. प्रायव्हेटची फी संघपालला, म्हणजे हर्षाच्या बापाला, राइस मिलमध्ये पोती उचलून सात जन्मात भरता आली नसती. मग भोजराज सरांनीच नागपूरच्या त्या ट्रस्टचं सांगितलं. ट्रस्टचं स्वतःचं मेडिकल कॉलेज. दरवर्षी ते खेड्यातली काही पोरं निवडतात, पूर्ण फी माफ करतात, आणि बदल्यात डॉक्टर झाल्यावर खेड्यात काम करायचं लिहून घेतात. मुलाखत पास झाली तर हर्षा डॉक्टर. नाही झाली तर धानाचा रोवणा, म्हणजे चिखलातली भातलावणी, आणि वात असलेली पोरगी. मधलं काही नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी पार्वताबाईनं तिच्या डोळ्यांत काजळ भरलं. बोटभर जाड. सिकलसेलवाल्यांचे डोळे पिवळट दिसतात. काळ्या काठाच्या आत पिवळा कमी दिसतो, हा पार्वताबाईचा शोध.

"आई, हे का आहे? नाटकात जाऊन राहिलो का आपण?"

"बस चूपचाप. हलू नको."

आणि बसमध्ये चढण्याआधी हर्षा पाणी प्यायली नाही. आईही नाही.

इथं थांबून सांगायला पाहिजे. सिकलसेलवाल्याला डॉक्टर तीन गोष्टी घोकून घेतात: पाणी भरपूर पी, थंडीत बसू नको, दमू नको. पाणी कमी झालं की पेशी वाकल्याच. हे दोघी मायलेकींना पाठ होतं. तरी प्यायल्या नाहीत, कारण एसटीनं दूर जायचं असलं की आमच्याकडच्या बाया आदल्या संध्याकाळपासूनच पाणी सोडतात. पुरुष गाडी थांबली की झाडामागे जातो. बाईनं कुठं जायचं? हे कोणी शिकवत नाही. पोरी आयांना पाहून शिकतात, जसं पाठ झाकायला शिकतात. हर्षाला रक्ताचं सगळं शास्त्र येत होतं. पण बस समोर दिसली तेव्हा ती शास्त्रवाली नव्हती, नाकाडोंगरीची बाई होती. बाटली पिशवीत भरलेली होती. भरलेलीच नागपूरला पोहोचली.

गेटवर वॉचमननं आईला अडवलं. "पालक बाहेर." पिशवी आईकडे राहिली, बाटली पिशवीत राहिली.

आत हॉलमध्ये एसी असा होता की खुर्चीची दांडी हाताला गार लागत होती. स्वेटर आणला नव्हता; सर म्हणाले होते, स्वेटर घालून आजारी दिसशील. कोपऱ्यात पाण्याचं मशीन होतं. पण संडास कुठं आहे ते विचारायचं कोणाला, आणि गेल्यावर तेवढ्यात नाव पुकारलं तर? हर्षा बसून राहिली. बाकीची पोरं ओठ हलवत आपापल्या कमजोऱ्या पाठ करत होती. एक पोरगा शेजारणीला म्हणाला, "तू पण 'मी फार मेहनती आहे' सांगणार आहेस का? मग मी बदलतो यार."

दुपार झाली. गुडघ्यात पहिली कळ आली तेव्हा हर्षानं स्वतःला सांगितलं, बसल्यानं असेल. दुसरी कळ मांडीत चढली तेव्हा तिला समजलं. बाहेर जाऊन आईकडून गोळी घ्यावी म्हणून ती उठली, आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं.

आत तिघं. मधोमध ट्रस्टचे अध्यक्ष. एका बाजूला चष्म्यातले प्रोफेसर. दुसऱ्या बाजूला डॉक्टर मॅडम, पांढरे केस, पांढरी साडी, फार शांत. प्रत्येकासमोर पाण्याची सीलबंद बाटली. हर्षाला आधी बाटल्याच दिसल्या.

गाव विचारलं, सांगितलं. वडील काय करतात, सांगितलं. डॉक्टर का व्हायचं, तेही सरांनी बसवून दिलं होतं, सांगितलं. कळ आता कमरेत होती. तिनं दोन्ही गुडघे हातांनी धरले आणि चेहरा हसता ठेवला.

"तुमची सर्वात मोठी कमजोरी कोणती?" प्रोफेसरांनी विचारलं.

"एखादं काम हातात घेतलं..." कपाळावर घाम फुटला. "की ते पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"आणि?"

"मी आता इतरांची मदत घ्यायला शिकते आहे, सर."

प्रोफेसरांनी काहीतरी टिपलं. अध्यक्ष खुर्चीत रेलले. "तुमच्या पट्ट्यात सिकलसेल फार आहे. आमची शिबिरं होतात. पण ही माणसं लपवतात हो. पोटची पोरं मरतील, पण लपवतील. हे अज्ञान आहे. तुम्ही डॉक्टर झालात तर यांना काय सांगाल?"

हर्षाला पाठीचे मणके एकेक मोजता येत होते, असे पेटले होते. ती म्हणाली, "सांगीन की... लपवू नका. आजार सांगण्यात कमीपणा नाही."

"छान," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "हर्षा, जरा वर बघ. खिडकीकडे. काजळ चांगलं घातलंय. पण पिवळे आहेत. एसएस ना तू?"

एसएस म्हणजे दोन्ही अर्धे. हर्षाला वाटलं, आता नाही म्हणावं. पण अंगात नाही म्हणण्याइतका जोर उरला नव्हता.

"हो, मॅडम."

"दुखतंय ना आत्ता?"

"हो."

"मला तू आत आलीस तेव्हाच कळलं. चालण्यावरून, मग डोळ्यांवरून. यांनी कमजोरी विचारली तेव्हा मी बघत होते, सांगतेस का. नाही सांगितलंस. मग सिकलसेलचं विचारलं तेव्हा वाटलं, आता तरी सांगशील. आम्ही तुला दोनदा संधी दिली, बेटा. डॉक्टरला प्रामाणिकपणा लागतो."

"म्हणजे खोटं बोलत होत्या या," अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

हर्षा मॅडमकडे वळली. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला आल्याआल्याच कळलं?"

"हो."

"मंग पाणी काहून नाही विचारलं?"

सरांनी शिकवलेली भाषा गळून पडली होती. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"काय?"

"बाटली तुमच्यासमोर आहे. याच्यात पहिले पाणी देतात, हे आमच्या आशाताईलेही माहीत आहे. तुमी तर मोठ्या डॉक्टर. तुमाले दिसून राहिलं होतं, मी कशी बसून आहे. आन् तुमी माही परीक्षा पाहून राहिल्या होत्या."

मॅडम शांतच होत्या. आवाजही चढला नाही. "इथे तू पेशंट नाहीस, हर्षा. उमेदवार आहेस."

हे वाक्य मी इथं तसंच ठेवतो. याला काही जोडायची गरज नाही.

हर्षा टेबलाला धरून उठली. आता मॅडमनी बाटली पुढे सरकवली. "पी. आणि खाली कॅज्युअल्टीत जा, मी फोन करते." हर्षानं बाटलीकडे पाहिलं. तहान तर अशी होती की जीभ टाळूला चिकटली होती. तिनं घेतली नाही. शहाणपणा नव्हता तो, रागही परवडत नव्हता तिला. तरी घेतली नाही. भिंत धरून ती गेटपर्यंत गेली आणि आईच्या अंगावर पडली.

पार्वताबाई तिला त्या कॅज्युअल्टीत न्यायला निघाली होती. "इथं नाही. मेली तरी इथं नाही," एवढंच पोरगी म्हणत राहिली. बसमध्ये पूर्ण बाटली पाजत, पाय चोळत पार्वताबाईनं तिला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं सिस्टरनं नावही विचारलं नाही आधी. "पाणी पेलीस का सकाळपासून?" हे विचारलं, आणि सलाईन लावली.

दोन दिवसांनी दुखणं उतरायला लागलं होतं. त्याच दवाखान्यात गावच्या गोदावरीबाईची सून बाळंतपणाला होती. गोदावरीबाई संत्री घेऊन पाहायला आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"का झालं वो पोरीले?"

"वात," पार्वताबाई म्हणाली. "प्रवासानं वाढला."

"एवढ्याशा पोरीले वात! बापा बापा." ती संत्रं सोलू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षाच्या हाताला सुई, म्हणून पार्वताबाईनं तो स्पीकरवर टाकून तिच्या तोंडासमोर धरला. आईला अजून आशा होती. पोरीनं एवढंच सांगितलं होतं, की कळ दिसत असूनही आत कोणी पाणी विचारलं नाही; लपवणं पकडलं गेल्याचं सांगितलं नव्हतं.

"हर्षा मॅडम का? मी योगेंद्र, ट्रस्टच्या ऑफिसातून. मॅडम, तुमची निवड होऊ शकली नाही. मुलाखतीत माहिती लपवली, असा शेरा आहे. पण निराश होऊ नका हं. अध्यक्षसाहेबांना तुमचं बोलणं फार आवडलं. आपला सिकलसेलचा जनजागृतीचा कार्यक्रम आहे, 'लपवू नका, बोला'. साहेबांची इच्छा आहे की तुम्ही स्टेजवर यावं. सिकलसेलची पेशंट म्हणून दोन शब्द. गाडी पाठवतो आम्ही."

संत्र्यावरचा गोदावरीबाईचा हात थांबला.

पार्वताबाईला फोन बंद करता आला असता. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. मग तिनं फोन स्वतःच्या तोंडाकडे फिरवला.

"कोण बोलून राहिला रे तू? मी तिची माय बोलतो. हो, आहे तिले सिकलसेल. अर्धा माह्यातला, अर्धा तिच्या बापातला. मी लपवला, तिनं नाही. अन् काहून लपवला सांगू? सांगितलं का तुमच्यासारखे पाहत बसतात म्हणून! तडफडणाऱ्या पोरीले पाहत बसले, अन् आता स्टेजवर बसवून पुन्हा पाहता का? बोलव, मले बोलव. मी येतो. तुह्या साहेबासमोर बोलतो दोन शब्द."

"नाही, म्हणजे, ताई... मी कळवतो," योगेंद्र म्हणाला. फोन कटला. नंतर कोणी कळवलं नाही.

वॉर्डातल्या सगळ्या बाया पाहत होत्या. गोदावरीबाईनं अर्धं सोललेलं संत्रं पिशवीत टाकलं आणि पदर सावरला.

"येतो बाई. सून एकटी आहे तिकडं."

दारापर्यंत ती हळू गेली, पुढे भरभर.

"आई, आता गावभर होईल," हर्षा म्हणाली.

"होईल."

"बाबाले का सांगशील?"

"जे झालं ते सांगीन." पार्वताबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि पोरीच्या डोळ्यांखाली उरलेलं, पसरलेलं काजळ पुसू लागली. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "ते सर्टिफिकेट देणारे डॉक्टर इथंच बसतात का?"

"इथंच. पण यंदाच्या ॲडमिशनची तारीख गेली आता."

"अन् पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मार्क पुन्हा आणावे लागतात. एवढे येतील का नाही, कोणाले माहीत."

"आणशील?"

हर्षाच्या मांडीत पुन्हा एक कळ उठली होती, आणि तिला तोंड कसंही वाकडं करता येत होतं, इथं कोणी मार्क देत नव्हतं. कळ जाईपर्यंत तिनं आईचं मनगट दाबून धरलं. गेल्यावर म्हणाली, "पाणी दे."

आई बाटली घेऊन उभीच होती.