चौथी कात्री

कारखाना गणवेश शिवायचा. कापायच्या टेबलाशी चार माणसं उभी राहायची. त्यातल्या चौथ्या म्हाताऱ्याला खडूची रेघ दिसेनाशी झाली, म्हणून तो घरी बसला. एवढंच काय ते झालं. पण त्यावरून पुढे जो गोंधळ माजला तो पाहता, म्हाताऱ्याने नुसता चष्मा बदलला असता तर बरं झालं असतं, असं पुष्कळांना वाटलं.

टेबलाशी उभं राहायला मिळणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बाकी सगळे वाकून काम करतात, टेबलावरचे चौघे तेवढे ताठ. पंखा त्यांच्या डोक्यावर, खिडकी त्यांच्या बाजूला. आणि त्या टेबलाशी डावखुरं माणूस आजवर उभं राहिलेलं नव्हतं. भिंतीवर थोरल्या मालकांच्या हातची पाटीच होती, 'कात्री उजवी, माणूसही उजवा.' डाव्या हाताने कापलेला सदरा अंगाला बसत नाही, म्हणे. का बसत नाही ते कुणी विचारलं नव्हतं, आणि तसा सदरा कुणी बघितलाही नव्हता. डावखुरं कुणी कामाला आलं की त्याला काजाला, बटणाला नाहीतर इस्त्रीला बसवायचे.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर आली. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. तिने पाटी उतरवली आणि सांगून टाकलं, चौथी जागा डावखुऱ्या माणसाची. नुसतं बोलून थांबली नाही, डाव्या हाताची कात्री मागवून तिने खिळ्याला टांगली.

काजाच्या बाकावर बसणाऱ्या काजवालीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती जन्माची डावखुरी. नवीन असताना तिने टेबलावरची उजवी कात्री एकदा डाव्या हातात धरून बघितली होती. तशी धरली की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता चावलं जातं. ते चावलेलं कापड मास्तरने, म्हणजे टेबलाच्या मुख्य माणसाने, सगळ्यांना दाखवत फिरवलं होतं. तेव्हापासून ती उजव्या हाताने काजं करत होती आणि मान वर केली की टेबल दिसत होतं. तिला ती जागा हवी होती. मिळाली तर बरं, अशी नव्हे. हवीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा कारखाना डावखुरा झाला.

इस्त्रीवाल्याने डाव्या हाताने चहा पिऊन सदरा भिजवून घेतला. वॉचमनने डाव्या हाताने सलाम ठोकला आणि काठी स्वतःच्याच पायावर पाडली. टेबलावरच्या तिघांनी मात्र वेगळीच मागणी पुढे केली, की मग उजव्यांनाही तीन जागा राखून ठेवा. मालकीणबाई म्हणाली, "त्या तुमच्याकडे आहेतच की." तरी त्यांचं समाधान झालं नाही. आहेत ते ठीक, पण राखीव आहेत असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मास्तरचा भाचा बरीच वर्षं टेबलाखालचं कातरण झाडत होता. चौथी जागा त्याचीच, हे सगळे धरूनच चालले होते. तोही. पोरगा वाईट नव्हता, खरंच सांगते. कामाला वाघ. त्याच्या तोंडचा घास गेला तर त्याला राग येणारच.

"मी उजवा जन्मलो हा माझा गुन्हा आहे का?" तो काजवालीच्या बाकाशी येऊन म्हणाला. "आणि तू तर उजव्या हाताने काजं करतेस. मग तुला कशाला हवी सवलत?"

"कात्री धरायला उजवा हात चालत नाही रे माझा."

"मग तुला कात्री धरताच येत नाही. तरी जागा हवी."

तिने सुईत दोरा ओवला. मास्तर टेबलावरून ओरडून म्हणाला, "कापडाला कळतं का कुणी कापलं ते? हुशारीला हात नसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भाचा डाव्या हाताने कान खाजवत निघून गेला, कारण तोपर्यंत त्यानेही अर्ज केला होता.

खरा डावखुरा कोण, हे ठरवायचं कसं? आधी डॉक्टरला बोलावलं. त्याने सगळ्यांचे दोन्ही हात पाहिले आणि म्हणाला, "नाडी दोन्हीकडे लागते." आणि फी घेऊन गेला. मग मास्तरनेच युक्ती काढली. माणूस गाफील असताना त्याच्यावर दोऱ्याचं रीळ फेकायचं. ज्या हाताने झेलेल तो खरा हात. झालं, कारखान्यात रिळं उडायला लागली. संडासातून बाहेर येणाऱ्या माणसावर रीळ, घास तोंडात असलेल्या माणसावर रीळ. लोक पाठ भिंतीला लावून चालायला लागले.

भाच्याने घरी बायकोला बटाटे फेकायला लावून सराव केला होता. त्याने डाव्या हाताने असं झेललं की बघत राहावं. वर हसून म्हणाला, "हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ."

काजवालीवर रीळ आलं तेव्हा ती बटणं मोजत होती. तिचा उजवा हात वर गेला आणि रीळ मुठीत आलं. ती त्या मुठीकडे बघतच राहिली. तिला रडू आलं, पण बाकावर सगळ्यांसमोर कुठे रडणार. त्या हाताला कुणी तयार केलं होतं ते तिला पक्कं माहीत होतं.

तिची आई. लहानपणी डावा हात कशाकडे गेला की चापट. चमच्याकडे गेला, चापट. पाटी-पेन्सिलीकडे गेला, चापट. आईने मुलीला 'सुधारलं' होतं आणि ही गोष्ट ती ओळखीपाळखीत अभिमानाने सांगत आली होती, अगदी कुणी विचारलं नाही तरी.

सराव काही भाच्याने एकट्यानेच केला नव्हता, निम्मा कारखाना डाव्या हाताने झेलायला लागला, त्यामुळे रिळांवरून काही ठरेना. आता शेवटचा उपाय उरला, साक्ष. लहानपणापासून पाहणारं घरचं माणूस प्रत्येकाने घेऊन यायचं, असं मालकीणबाईने ठरवलं. काजवालीने घरी जाऊन आईचे पाय चेपत विषय काढला.

"आई, खरं तेवढं सांग. मी डावखुरी होते, एवढंच."

"होतीस. आता नाहीस."

"आहे गं."

"म्हणजे माझे सगळे कष्ट पाण्यात?" आईने पाय ओढून घेतले. "माझ्या पोटी वाकडं काही निघालं नाही, हे आयुष्यभर सांगितलं मी लोकांना. आता चारचौघांत जाऊन उलट सांगू? मेल्यावर लोकांना तोंड कसं दाखवू?"

"मेल्यावर कशाला दाखवायला लागतंय?"

"बोलू नकोस जास्त."

तरी आई आली. ठेवणीतली साडी नेसून आली आणि मालकीणबाईच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली. समोर भाचा आणि त्याची आई, म्हणजे मास्तरची ताई. बाकीच्यांच्या घरचं कुणी साक्षीला आलंच नव्हतं. दाराशी मास्तर. मधे टेबलावर ती डावी कात्री.

ताईने हात आखडता घेतला नाही. "जन्मला तोच मुळी डावी मूठ वर करून," ती म्हणाली. "सुईण घाबरली होती." मास्तर छताकडे बघत होता. बाळंतपणाच्या वेळी तो घरातच होता, आणि सुईण घाबरली होती ती ताईच्या ओरडण्याला, हे त्याला ठाऊक होतं, पण तो मूग गिळून बसला.

मग मालकीणबाईने काजवालीच्या आईला विचारलं. आईने पदर सारखा केला. "आमच्या घरात असलं काही नाही," ती म्हणाली. "माझी मुलगी सरळ आहे."

संपलं. काजवालीला वाटलं, आता उठून बाकावर जावं आणि काजं करत म्हातारं व्हावं. आईचा राग आला तो इतका, की तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात चहा आला. मालकीणबाईने पेला पुढे केला आणि काजवालीने तो घ्यायला हात लांब केला. आता कशाला जपायचं, कुणापासून लपवायचं? डावा हात गेला.

आणि आईचा हात उठला. डोळे मालकीणबाईकडे, तोंडावर पाहुणीचं हसू, आणि हात मात्र आपला आपण उठला, सुटला. चापट बसलीच नाही. कारण काजवालीचा हात त्याच्या आधीच मागे आला होता. चापट पेल्याला लागली, चहा टेबलभर झाला, आणि कात्री चहात न्हाली.

आईने स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो शेजारणीचा होता. हात अजून हवेतच होता. तिने तो खाली घेतला आणि पदरात झाकला.

"हा काय पुरावा झाला?" मास्तर दारातून म्हणाला. "ताई, तूही मार की."

दुसरा पेला आला. भाच्याने डावा हात पुढे केला आणि तिथेच धरला. ताई गोंधळली. जन्मात तिने लेकावर हात उचलला नव्हता. "कुठे मारू रे?" तिने विचारलं. त्याने दाखवलं. तिने हळूच चापट मारली आणि लगेच तिथे फुंकर घातली. भाचा हसतमुखाने उभा.

मालकीणबाईने फडक्याने कात्री पुसली. "याचा हात मार खायला थांबला," ती म्हणाली. "तिचा थांबला नाही." आणि तिने कात्री काजवालीसमोर ठेवली.

भाच्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या आईने मला मारलं नाही, हा माझा तोटा?" तो म्हणाला. "लाडात वाढलो ही माझी चूक?"

काजवालीला त्याची दया आली आणि तरीही तिने कात्री उचलली.

टेबलाशी पहिल्या दिवशी नवीनच पंचाईत. खिडकी डाव्या अंगाला, म्हणजे उजव्याने कापणाऱ्याची रेघ उजेडात आणि हिच्या हाताची सावली नेमकी रेघेवर. "बघा," मास्तर म्हणाला, "थोरले मालक काय वेडे होते?" काजवालीने थोडा वेळ विचार केला. मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडे, मास्तरच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. आता खिडकी तिच्या उजवीकडे आली आणि रेघ लख्ख दिसायला लागली.

"तिकडून कुणी कापत नाही," मास्तर म्हणाला.

"म्हणून तर इथे ऐसपैस आहे."

पहिला खिसा वाकडा कापला गेला. दुसराही. मास्तरने तो उचलला, दाखवत फिरायला निघाला आणि भाच्यापाशी येऊन अडला. भाच्याला लपूनछपून शिकवताना किती तागे वाया गेले होते ते फक्त त्या दोघांनाच माहीत होतं. मास्तरने कापड मुकाट्याने कातरणात टाकलं. संध्याकाळपर्यंत एक बाही सरळ निघाली.

ती बाही घेऊन काजवाली घरी आली तर दारात दोन शेजारणी, आणि मधे आई, ऐटीत. "मी मारलं म्हणून जागा मिळाली," आई सांगत होती. "लाड केले असते तर बसली असती काजं करत." शेजारणींनाही ते पटलेलं दिसत होतं. काजवालीने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

शेजारणी गेल्यावर आई आत आली. बाही उलटसुलट करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. ताट वाढलं. काजवालीने डावा हात ताटाकडे नेला आणि मधेच थांबली. समोर आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"जेव," आई म्हणाली.

ती जेवायला लागली.

"तेव्हा दुखायचं का गं?" आईने विचारलं.

"हो."

आईने मान हलवली. हात मात्र तिने मांडीखालून काढले नाहीत. मुलीचं जेवण होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.