म्हाताऱ्यावरचा ओटा

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा चौथरा आहे. इबादान शहरातल्या एका अंगणात मी आहे आणि माझ्याखाली या घराचा धनी, म्हातारा अयिनला, निजलेला आहे. आमच्याकडे घरधन्याला त्याच्याच अंगणात पुरतात. मग ते घर सगळ्या लेकरांचे होते. एकट्याने ते विकायचे नसते.

मला बांधले तेव्हा म्हाताऱ्याच्या दोन्ही बायकांची मुले ऊर बडवून रडली. माझ्यावर त्याचे नाव कोरले, अख्ख्या गल्लीला जेवण घातले. 'काय सुरेख बांधलाय!' म्हणून पाहुण्यांनी मला नावाजले. त्यानंतर मात्र कुणी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतले नाही. कोंबड्या घाण करीत, ती तशीच वाळे. मुले दूर दूर गेली आणि घरात उरला धाकटा लानरे. त्या मेल्याचे तोंडही मला बघवत नाही.

त्याने बापाचे नाव सिमेंटने बुजवले, वर निळ्या फरश्या बसवल्या आणि गिऱ्हाईक आणले. मोरेनिके तिचे नाव. बाजारात कापड विकून तिने हयातभर घरासाठी पैसे साठवले होते.

"बसा मावशी. खास ओटा बांधलाय सावलीत."

"भावंडं किती रे तुम्ही?"

"एकटाच हो मी! पण शेजाऱ्यांना विचारत बसू नका, जळतात मेले."

नेमके तिथेच विचारायला हवे होते. पण कागदावर बापाचे नाव दिसले आणि बाई भुलली. तिने सगळे पैसे त्याच्या हातात ठेवले.

राहायला आली त्या सकाळी ती माझ्यावर बसून मला साबणाने घासत होती. तेवढ्यात म्हाताऱ्याची थोरली मुलगी अबेनी भावांना घेऊन आत घुसली. लानरे केव्हाच पसार झाला होता.

"उतर खाली! आमच्या बापाच्या छातीवर बसलीयस तू!"

मोरेनिकेच्या हातातला ब्रश गळून पडला. "देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं गं. घर ठेवा तुम्ही. माझे पैसे तेवढे द्या."

"ज्याच्या मढ्यावर घातलेस, त्याच्याकडे माग!"

भावांनी तिचा पलंग रस्त्यावर फेकला. ती रडत होती आणि ही माणसे मायबापाच्या गप्पा मारीत होती. मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

मित्रांनो, घर घेताना नुसत्या कागदावर विसंबू नका. वारस किती आहेत, अंगणात कोण निजले आहे, हे चार शेजाऱ्यांना विचारा. विकणारा 'नको' म्हणाला तर नक्कीच विचारा. आणि तुमचे कुणी मातीआड गेले असेल, तर अधूनमधून तिथे झाडू मारा.

अबेनीने माझ्या फरश्या फोडून नाव मोकळे केले, घराला कुलूप लावले आणि ती निघून गेली. इतक्या वर्षांत एकाच बाईने मला हाताने धुतले होते आणि तिलाच या लेकरांनी रस्त्यावर काढले.