आतलं कापड

टेलरमास्तरांनी लेकीच्या ताटातला उरलेला भात चमच्याने तिच्या बाजूला सरकवला आणि टेबलाखालचे आपले पाय आवरले. शिवणयंत्र पलीकडच्या खोलीत होतं, तरी पाय पायडल मारतच होते.

"बाबा, टेबल हलतंय," लेक म्हणाली.

"हो का? बरं."

पाय थांबले आणि बोटं सुरू झाली.

ताट संपेपर्यंत कुणीतरी शेजारी बसायचं, रागवायचं नाही, वजनाचा विषय काढायचा नाही आणि तिच्यापासून काही लपवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाकी सगळं मास्तर डोळ्यांत तेल घालून पाळत होते. शेवटच्या बाबतीत मात्र त्यांनी माती खाल्ली होती.

उपाशी राहून काडी झालेली पोर आता कुठे अंग धरू लागली होती. कपडा जरा काचला तर ती पुन्हा जेवण टाकेल, या धास्तीने मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून ती कॉलेजला गेली की ते तिचे शर्ट उसवायचे, आत दुमडलेलं कापड थोडं सोडायचे आणि पुन्हा शिवून, इस्त्री करून कपाटात ठेवायचे.

"अहो, तिला कळलं तर?" बायको म्हणायची.

"माझा हात आहे. ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

पण निळ्या शर्टातलं कापड आता संपलं होतं. आणि आज नेमका तोच तिच्या अंगात होता.

लेकीने घास गिळला, चमचा ठेवला आणि शर्टाची कड पुढे ओढली.

"जुन्या शिलाईची भोकं दिसतात, बाबा."

मास्तरांनी वाकून पाहिलं. निळ्या कापडावर सुईच्या भोकांच्या बारीक ओळी होत्या, एकीला लागून दुसरी. इस्त्रीने त्या जात नाहीत, हे शिंप्याच्या पोरीला का कळणार नव्हतं!

"कधीपासून माहितीये तुला?"

"पहिल्यांदा उसवलात तेव्हापासून. असा राग आला होता, ताट भिरकावून द्यावंसं वाटलं."

"मग?"

"मग काय. जेवले."

तिने उरलेला भात गोळा केला, डोळे मिटून तोंडात घातला.

"या शर्टात आता सोडायला काही उरलं नाही. नवा शिवा."

आजारी पडल्यापासून तिने मापाचा टेप अंगाजवळ येऊ दिला नव्हता. आता ती उठून उभी राहिली.

"आकडा बोलायचा नाही पण."

माप घेताना आकडा मोठ्याने पुकारायची मास्तरांची जन्माची सवय. त्यांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला आणि खिशातलं दोऱ्याचं रीळ घेतलं. दोरा तिच्या दंडाभोवती फिरवला, टोकं जुळली तिथे दातांनी तोडला.

"आत जरा जास्तीचं कापड ठेवू?" त्यांनी भीतभीत विचारलं.

तिने तो दोरा हातात घेऊन ताणून पाहिला.

"ठेवा. उसवाल तेव्हा मला सांगा."