माझ्या पायातली उलटी गाठ

मित्रांनो, कामोउरा बंदराच्या टेकडीवर, समुद्रदेवाच्या दारात आम्ही दोन दगडी कुत्रे बसतो. जोडीदाराचे तोंड उघडे, माझे मिटलेले. पाथरवटाने आम्हाला तसेच घडवले. म्हणून बोलणे त्याच्या वाट्याला गेले आणि ऐकणे माझ्या. दोनशे वर्षे मी ऐकतोच आहे. आज पहिल्यांदा तोंड उघडतो आहे, तेवढे गोड मानून घ्या.

माझा दगड निळसर आणि मऊ. एका गलबताच्या तळाशी, लाटांवर ते कलू नये म्हणून, मला भरून आणले होते. पाथरवटाने मानेवर कुरळी आयाळ कोरली आणि पुढचे पाय मात्र जाडजूड ठेवले. "याच्या पायांना काम आहे," तो म्हणाला होता.

काम कसले, ते सांगतो. या बंदरातून कुणी निघून गेले आणि परतले नाही, की घरची बाई माझ्या पायाला दोरा बांधते. माझा पाय अडकला की गेलेल्याचे पाऊलही अडखळावे आणि मागे वळावे, अशी इथली श्रद्धा. तो परत आला, की दोरा त्याने स्वतःच्या हाताने सोडायचा आणि देवापुढे दोन टाळ्या वाजवायच्या.

एके काळी दोऱ्यांनी माझा पाय दिसत नसे. उत्सवात ढोलावर टिपरी पडे, पुजारी सूर लावून जुनी प्रार्थना म्हणत. निम्म्यांना शब्द कळत नसत, तरी माना डोलत. बायकांचे डोळे मात्र माझ्या पायाकडे. मला तेव्हा वाटे, देवाने आपल्याला आत गाभाऱ्यात नाही, दारात बसवले, हेच बरे केले. मग गलबते गेली, तरणी माणसे शहरात गेली, दोरे कुजून गळाले. शेवटी एकच उरला. किनुएचा.

किनुएचे वडील जाळी विणत. ते डावखुरे. त्यांच्या जाळ्याची गाठ सगळ्या बंदराहून उलटी बसे, आणि किनुए व तिचा धाकटा भाऊ तोकुजी तीच गाठ शिकले. एका वादळात वडील बोटीसकट गेले. त्यानंतर तोकुजी बोटीवर पाऊल ठेवीना. किनुए संतापून म्हणाली, "भित्रट कुठला! पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो संध्याकाळच्या बसने गेला. दुसऱ्या दिवशी ती वर आली, माझ्या पायाला जाळ्याचा तपकिरी दोरा बांधला आणि माझ्या कानाशी रडली. "मी तसं म्हणाले, पण तसं नव्हतं रे," एवढेच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मी ऐकले. माझे तोंड मिटलेले.

मित्रांनो, पुढे बावन्न वर्षे दर शरदात ती आली. जुना दोरा विरला की नवा बांधायची. तिचे केस पांढरे झाले आणि माझी आयाळ वाऱ्याने झिजली.

गेल्या शरदात प्रवाशांची एक बस आली. माणसे फोटो काढू लागली. एक सत्तरीचा म्हातारा मागे रेंगाळला. हातात, दर्शनाची खूण म्हणून देवळोदेवळीचे शिक्के घ्यायची वही. त्याने शिक्का घेतला, हात जोडले आणि कठड्यापाशी उभा राहून खालच्या कोळीवाड्याकडे टक लावून बघत राहिला. तेवढ्यात झाडलोट करणारी मासायो कात्री घेऊन माझ्याकडे आली.

"आजोबा, जरा सरका बघू. याचा पाय साफ करायचाय. फोटोत घाण दिसतं म्हणे. माझा जीव होत नाही, पण दुसऱ्यानं ओरबाडण्यापेक्षा मीच कापते."

म्हातारा वळला. त्याने दोरा पाहिला आणि तो माझ्या पायाशी वाकला.

"थांबा! ही गाठ कुणी मारली?"

"किनुए आजींनी. खाली माकूळ मासळी वाळवतात ना, त्या. गाठ अशी मारतात बाई, की कुणाच्या बापाला सुटायची नाही."

"अजून चढते ती?"

"कसली चढते! गुडघे गेलेत. यंदा एकशे आठ पायऱ्या बसत बसत चढल्या. म्हटलं, आजी, द्या इकडे, मी बांधते. तर मलाच फटकारलं. म्हणाल्या, तुझी गाठ तोकुजीला ओळखू यायची नाही."

म्हाताऱ्याने बोटांनी गाठ चाचपून पाहिली.

"तुम्ही कुठले हो, आजोबा?"

"प्रवासी आहे."

"ते दिसतंय. मूळचे कुठले, ते विचारतेय."

त्याने वही जमिनीवर ठेवली, दोऱ्याचे टोक डाव्या बाजूने आत ढकलले, आणि गाठ सुटली. कात्री मासायोच्या हातात तशीच राहिली.

"अगं बाई," ती पुटपुटली, "तोकुजी?"

खालून बसचा भोंगा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. त्याने देवापुढे दोन टाळ्या वाजवल्या आणि पायऱ्या उतरू लागला. माझे तोंड समुद्राकडे. खाली तो बसकडे वळला की कोळीवाड्याकडे, हे मला दिसेना. त्या दिवशी मान वळवता आली असती, तर बाकीची दोनशे वर्षे मी देवाला परत दिली असती.

हिवाळा गेला, बर्फ वितळले, उन्हाळा गेला. पुन्हा शरद आला. एका सकाळी पायऱ्यांवरून भांडण वर चढत आले.

"घाईनं ओढू नकोस रे! बावन्न वर्षं उशीर केलास, आता पाच मिनिटं कसली वाचवतोस?"

"ताई, तू बोलणं थांबवलंस तर दम लागणार नाही."

किनुए माझ्यापाशी आली. माझ्या उघड्या पायावरून तिने हात फिरवला. "सुटलास बाबा," म्हणाली. दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या, आणि दोघे भांडतच उतरले.

मित्रांनो, मी सुखी आहे. तरी खरे सांगतो, वारा सुटला की पायाला तो दोरा हवासा वाटतो. दगडालाही कुणाची तरी वाट बघायची सवय लागते.

तुम्ही कुठल्याही देवाच्या दारी जा. तिथे एखादा कळकट दोरा दिसला, विटलेली चिंधी दिसली, तर हात लावण्याआधी कुणालातरी विचारा, ही कुणी बांधली. आणि तुमच्यासाठी कुठे कुणी गाठ मारून ठेवली असेल, तर बस सुटली तरी सुटू द्या. ती सोडवायला जा.