घड्याळजींच्या गुलाबाखालचा मी

मी एक जुना खुंट आहे. मित्रांनो, हे ऐकून तुमच्यापैकी निम्मे जण पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. बागेत आलेला माणूस फुलाचा वास घेतो, फुलाशेजारी उभा राहून फोटो काढतो. खुंटाकडे बघतो कोण? पण नाजूक जातीचा गुलाब स्वतःच्या मुळांवर फारसा तग धरत नाही. म्हणून त्याचा एक डोळा, म्हणजे फुटण्याच्या बेतात असलेला कोंब, माझ्यासारख्या रानटी गुलाबाच्या सालीत बसवतात. जोडाच्या जागी एक गाठ होते. वर तो, खाली मी. फुलायचे त्याने आणि राबायचे मी.

माझा जन्म एका रोपवाटिकेच्या कुंपणात झाला. पेन्सिलीएवढा जाड झालो तशी माझी काडी कापली, पिशवीत लावली आणि मुळे धरल्यावर माझ्यात एका गडद गुलाबी गुलाबाचा डोळा भरला. मला कोणी विचारलेसुद्धा नाही. ते रोप एका घड्याळजींनी घरी नेले. त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली होती आणि आनंदाच्या भरात काय घेऊ नि काय नको, असे त्यांना झाले होते.

घड्याळजी दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसत आणि रविवारी तेच भिंग घेऊन आमच्यापाशी बसत. माझ्या अंगातून एखादा फुटवा वर डोकावला की अंगठ्याने मोडून टाकत. मला भारी राग यायचा. वरच्या साहेबांना गोंजारायचे आणि मला चिमटे! पण गुलाब फुलला की वासाने गल्लीतली माणसे फाटकाशी थबकत. तेव्हा मात्र मलाही थोडे बरे वाटायचे.

वर्षे गेली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. घड्याळजींची दृष्टी गेली, तशी ती त्यांनाही घेऊन गेली. घराला कुलूप लागले. मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला मोकळे रान मिळाले आणि मी माजलो. चहूबाजूंनी फुटवे काढले, सगळे पाणी स्वतःच प्यायलो. दोन वर्षांत वरचा गुलाब वाळत गेला. मला वाईट वाटले का? खोटे कशाला बोलू, तेव्हा नाही वाटले.

त्याच सुमारास शहरातल्या पाण्याच्या टाकीमागे एक बाग उभी राहत होती. आधी तिथे फुटक्या बाटल्या, टायर आणि पडक्या भिंतींचा राडारोडा होता. एक निवृत्त परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत, आणि तिच्या घराखालचे शिंपी, म्हणजे मास्तर, या दोघांनी तो उपसायला घेतला. हळूहळू माणसे जोडली गेली. पगार कोणालाच नाही, वर रविवारची सुट्टी होती तीही गेली. जुनी घरे पाडली जात होती, त्यांच्या अंगणातले जुने गुलाब वाचवायचे, एवढाच त्यांचा ध्यास. पहिल्या वर्षी तेरा रोपे आणली आणि त्यातली अकरा गेली. मातीत चुना फार होता. मग त्यांनी हातभर खोल माती बदलली आणि पुन्हा तेरा आणली.

सिस्टरची एक पद्धत होती. दवाखान्यातली सवय ती, सुटते थोडीच! बागेत येणाऱ्या प्रत्येक गुलाबाचा ती केसपेपर काढायची. कुठून आला, कोणी लावला, शेवटचा कधी फुलला, तक्रार काय. पुस्तकातले नाव पक्के कळेपर्यंत गुलाब ज्या माणसाचा त्याच्याच नावाने ओळखला जाई. म्हणून त्या बागेत 'तिकीट तपासनिसांचा पिवळा' आहे आणि 'भांडखोर शेजारणीचा पांढरा'ही आहे.

आमचे घर पाडायचे ठरले तेव्हा मुलीने सिस्टर आणि मास्तरांना बोलावले. "बाबांचा गुलाब तेवढा वाचवा," ती म्हणाली, "रोज विचारतात हो, फुलला का म्हणून." मास्तरांनी मला मातीच्या गोळ्यासकट उचलले. माझी हिरवीगार पाने बघून सगळे हरखले. बागेच्या मधोमध जागा, सर्वांत चांगले शेणखत आणि झारीचे पहिले पाणी मला. केसपेपरवर सिस्टरने लिहिले, 'घड्याळजींचा गुलाब. प्रकृती उत्तम.' आयुष्यात पहिल्यांदा माझे कौतुक होत होते. मी गप्प राहिलो. तुम्ही असता तर बोलला असता का?

सहा महिन्यांनी मी फुललो. पाच पाकळ्यांची बारकी पांढरी फुले, वास जेमतेम. मुलगी बघायला आली आणि उभीच राहिली.

"हा बाबांचा गुलाब नाही," ती म्हणाली. "मी त्यांना सांगून बसलेय, की तो जगलाय."

सिस्टर खाली बसली. फांद्या बाजूला करून तिने माझे बूड पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हा तर खुंट आहे गं! गुलाब मेला की काय, हे आम्ही बघितलंच नाही."

"म्हणजे सिस्टर," मास्तर म्हणाले, "सहा महिने आपण पेशंट सोडून खाटेलाच औषध पाजलं!"

कोणी हसले नाही. मुलीचे डोळे भरून आले होते. मास्तर शरमले आणि मला उपटायला गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात त्यांचा हात थांबला. "सिस्टर, इकडे या. गाठीच्या वर एक हिरवं बोट आहे."

माझ्या गर्दीत, माझ्याच सावलीत, तो जुना गुलाब करंगळीएवढा उरला होता. त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती मी अजून विसरलेलो नाही.

त्या काडीत जीव थोडा होता, वाट बघण्यात अर्थ नव्हता. तिच्यावर तीनच डोळे होते. सिस्टरने ते माझ्या तीन कोवळ्या फांद्यांत भरले. साल मास्तरांनी उघडून धरली आणि पट्टीही त्यांनीच बांधली. आठवड्याभरात ती काडी वाळली. मग पहिला डोळा काळा पडला. त्यानंतर दुसरा. मुलगी रोज कचेरीतून परस्पर बागेत यायची, बघायची आणि घरी जाऊन वडिलांना म्हणायची, "अजून वेळ आहे, बाबा." मित्रांनो, खुंटाने मनावर घेतले नाही तर डोळा लागत नाही. मी मनावर घेतले. होते नव्हते ते सगळे पाणी त्या तिसऱ्या डोळ्याकडे पाठवले.

तो लागला. सिस्टरने माझ्या बाकीच्या सगळ्या फांद्या छाटल्या आणि केसपेपरवर लिहिले, 'चूक आमची. पेशंट सापडला.'

फूल आले त्या रविवारी मुलीने वडिलांना हाताला धरून आणले. बागेतले सगळे भोवती जमले. घड्याळजींनी फुलाकडे हात नेलाच नाही. ते खाली बसले, बोटांनी चाचपत गाठीपर्यंत आले आणि एक चोरटा फुटवा अंगठ्याने कट्‌कन मोडला.

"याच्यावर लक्ष ठेवायला लागतं," ते म्हणाले. "नाहीतर डोक्यावर बसतो."

"बाबा, फूल वर आहे," मुलगी म्हणाली.

"वास आला मला फाटकातच. ओळखला." त्यांनी माझ्यावरची माती थोपटली. "आधी याला भेटलो. इतकी वर्षं यानेच तर पोसलंय त्याला."

मित्रांनो, आता घड्याळजींना बागेत येणे जमत नाही. बागेत एकशे चाळीस जुने गुलाब आहेत, कामाला हात पुरत नाहीत आणि माझा स्वभाव काही बदललेला नाही. दर ऋतूत एखादा फुटवा मी काढतोच. म्हणून तुम्हालाच सांगतो. बागेत आलात तर फूल जरूर बघा, पण मग खाली वाका. गाठीच्या खालून काही हिरवे, टवटवीत, मोठे गोजिरवाणे वर येताना दिसेल. तो मी असेन. दया दाखवू नका, अंगठ्याने मोडा. मी दोन दिवस रुसेन आणि पुन्हा त्याला पाणी पाठवायला लागेन.